पणजीची भूमी

मांडवीकाठचे जुने गोवे एके काळी व्यापाराने गजबजलेले महानगर होते. व्यापार ओसरला म्हणून ते उजाड झाले, असे सांगतात. ते खरेच, परंतु त्या नगरीचा तितकाच घात पाण्याने केला. माती सच्छिद्र असल्यामुळे घरोघरचे सांडपाणी झिरपून विहिरींत उतरे. १५४३ सालच्या पटकीनंतर रोगराईने तेथे जणू ठाणच मांडले.

१६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने राजधानीचे प्राण कंठाशी आले, तेव्हा विजरई कोंद दि आल्व्होर याने ती मुरगावी हलविण्याचा घाट घातला. शत्रूस दुर्गम ते स्थान वसतीसही सुखकर, हा त्याचा तर्क प्रजेस मुळीच पटला नाही. पुढे १७१२ साली पोर्तुगालच्या राजाने ते काम थांबविले.

अखेर १७५९ साली विजरई पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहावयास आला. पण पणजी तरी निर्दोष कोठे होती? माड, मिठागरे आणि दलदल यांनी वेढलेले ते एक लहानसे गाव. रायबंदरकडून तेथे यावयाचे तर १६३३-३४ च्या सुमारास बांधलेल्या लांबलचक पुलावरून यावे लागे. मात्र समुद्राचा वारा मोकळा होता, नदीमुख जवळ होते, आणि मुख्य म्हणजे आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचे झरे होते. त्यांतील एकाचे बोका द व्हाका हे नाव म्हणजे आपले गोमुखच. फोंतेन्यश हा वाडाही झऱ्यावरूनच ओळखला जातो. दलदल बुजविता येते; नासलेली विहीर गोड करणे मात्र दुष्कर. पोंबालच्या आज्ञेने जुने गोवे पुनश्च वसविण्याचा जो हट्ट धरला गेला, त्यात द्रव्य आणि मजुरांचे प्राण मात्र व्यर्थ गेले.

पणजीत भराव घालून रस्ते आखण्याचे मोठे कार्य मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३५ पर्यंत, झाले. तत्पूर्वीच, ज्या तिसवाडीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती त्याच तिसवाडीतील या नव्या वसतीत, १८१८ साली श्रीमहालक्ष्मीच्या मंदिरास अनुमती मिळाली होती. हिंदू व्यापारी व कारकून यांच्यावाचून नवे नगर चालणार नव्हते, हे राज्यकर्त्यांस उमगले असावे.

२२ मार्च १८४३ रोजी पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली. भराव घातलेल्या सखल भागात, अठरा जून रस्त्यावर, मुसळधार पावसात अद्यापही पाणी साचते.