पेशीतील थेंब : दिसण्यापासून ताब्यात येण्यापर्यंत

१. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तहनामे आठवतात. पण प्रयोगशाळेतील साधनांनाही इतिहास असतो. आजचा धागा जिवंत पेशीतील द्रवथेंबांचा आणि त्यांवर ताबा मिळवणाऱ्या साधनांचा आहे.

२. साल १८९९. कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड बीचर विल्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पेशीद्रवाच्या रचनेवर लेख लिहिला. तारामाशासारख्या सागरी जीवांच्या अंडपेशी न्याहाळून त्यांनी पेशीद्रवाची तुलना पायसाशी केली. दुधात जसे स्निग्धांशाचे थेंब तरंगतात, तसे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब.

३. ही कल्पना पुढे मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रचारात आला. त्यासाठी पेशी मारून, निर्जल करून तिचे पातळ काप घ्यावे लागत. अशा कापांत पटले रेखीव उमटत. थेंबाचे वाहणे कसे दिसणार?

४. २००९ मध्ये ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी ‘सी. एलिगन्स’ या सूक्ष्म कृमीच्या जिवंत भ्रूणातील पी-कणिका पाहिल्या. त्यांना आवरण नव्हते. त्या वाहत, ओघळत, एकमेकींत मिसळत आणि विरघळत. अशा समूहांना पुढे ‘बायोमॉलिक्युलर कंडेन्सेट्स’ हे नाव रूढ झाले.

५. आता खरा वाद उभा राहिला. हे थेंब पेशीत काही कार्य करतात, की केवळ दाटीचा परिणाम आहेत? उत्तरासाठी ते इच्छेनुसार घडवता व मोडता यायला हवेत. सुरुवातीचे साधन होते १,६-हेक्झेनडायॉल. हे रसायन प्रथिनांमधील दुर्बळ आकर्षणे सैल करते. पण २०२१ मध्ये दिसून आले की ते एन्झाइमांचे कार्यही बिघडवते. मग थेंब नाहीसे झाल्यावर जे घडले, त्याचे श्रेय थेंबांना द्यावे की विषाला?

६. त्याआधीच, २०१७ मध्ये, प्रिन्स्टनला ब्रँगविन यांच्या गटाने ‘ऑप्टोड्रॉपलेट’ हे साधन घडवले होते. अ‍ॅराबिडॉप्सिस या वनस्पतीतील प्रकाशसंवेदी प्रथिन ‘क्राय-२’ त्यांनी एफयूएससारख्या प्रथिनाच्या लवचीक भागाला जोडले. निळा प्रकाश पडताच थेंब तयार होत आणि तो मालवला की विरून जात.

७. २०१८ मध्ये ‘कासड्रॉप’ आले. त्याने जनुकद्रव्यावरील निवडलेल्या जागीच थेंब वाढवता येऊ लागले. या थेंबांनी दाट क्रोमॅटिन बाजूला सारले आणि लक्ष्य केलेले भाग परस्परांजवळ ओढले. थेंब पेशीत यांत्रिक बळ लावू शकतो, हे प्रत्यक्ष दिसले.

८. हे केवळ कुतूहल नव्हे. एफयूएसमधील काही उत्परिवर्तने एएलएस या चेतापेशींच्या असाध्य आजाराशी निगडित आहेत. २०१५ मध्ये हायमन यांच्या गटाने दाखवले की एफयूएसचे थेंब काळानुसार घट्ट होतात आणि असे उत्परिवर्तन ती क्रिया वेगवान करते. २०१७ च्या प्रयोगातही वारंवार उजळलेल्या दाट समूहांपैकी काही प्रकाश मालवल्यावर विरघळेनासे झाले. रोगाचा एक संभाव्य टप्पा आता पेशीत घडवून अभ्यासता येऊ लागला. उपचार मात्र अजून दूर आहेत.

९. विल्सन यांच्यापाशी तीक्ष्ण नजर होती, पण थेंब घडवण्याचे वा मोडण्याचे साधन नव्हते. म्हणून विज्ञानाचा इतिहास वाचताना ‘कोणी प्रथम पाहिले?’ या प्रश्नावर थांबू नये. ‘ते तपासण्याचे साधन कधी आले?’ हेही विचारावे.