शेवटच्या स्थानकापासून नव्या कायद्यापर्यंत

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील शेवटचे स्थानक म्हणजे कसारा. मुंबईपासून सुमारे १२१ किलोमीटर अंतरावरील शहापूर तालुक्याच्या या टोकाला तंत्रज्ञान, खासगीपणा आणि बौद्धिक संपदा हे कायद्याचे विषय महानगरी वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात या शाखेतील महत्त्वाच्या प्रश्नांची मुळे जुन्या ठाणे जिल्ह्यातच सापडतात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. तंत्रज्ञान कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आज अनिवार्य मानला जातो.

खासगीपणाचा प्रश्न तर शिधावाटप दुकानातच उभा राहतो. धान्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवणाऱ्या आदिवासी कुटुंबाची माहिती कोणाकडे जाते, हा तो प्रश्न. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने शासकीय लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला; मात्र खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, तर त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

बौद्धिक संपदेचे उत्तम उदाहरण म्हणजे वारली चित्रकला. एखाद्या चित्रकाराच्या स्वतंत्र चित्राला १९५७ च्या कायद्याने स्वामित्वहक्क मिळतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शैली कोणा एकाच्या मालकीची नसते. म्हणून १९९९ च्या कायद्यानुसार 'वारली चित्रकला' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते; शैलीची नक्कल मात्र पूर्णपणे थांबत नाही. रानातील वनौषधींच्या ज्ञानाचेही असेच आहे. पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही, असे भारतीय पेटंट कायदा सांगतो. पण ते ज्ञान आधीपासूनचे आहे, हे दाखवून द्यावे लागते. हळदीच्या औषधी वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते असे पुरावे सादर केल्यामुळेच.

प्रवेशाचा मार्ग

बारावीनंतर पाच वर्षांचा, तर पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्य सामाईक परीक्षा, तर २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 'क्लॅट' द्यावी लागते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार किमान गुण खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहेत. पेटंट एजंट होण्यासाठी मात्र केवळ कायद्याची पदवी पुरत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी अथवा तंत्रज्ञानाची पदवी आवश्यक असते. त्यामुळे विज्ञान शाखेच्या पदवीधरांना तीन वर्षांचा अभ्यासक्रम विशेष उपयुक्त ठरतो.

या शाखेचे पदवीधर बहुधा कंपन्यांकडे वळतात. ज्यांचा अंगठा, ज्यांची कला आणि ज्यांचे ज्ञान कायद्याच्या चर्चेचा विषय होते, त्यांची बाजू मांडणारे वकील मात्र त्यांच्यातूनच घडले, तर या शिक्षणाचे खरे सार्थक होईल.