मागील शाळा

२०२३ च्या अखेरीस राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली होती आणि जुने दफ्तर जिथे जिथे असेल तिथे माणसे पोचत होती. आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या शाळाही त्याला अपवाद नव्हत्या. एरवी ज्या कपाटांकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्यांतली जनरल रजिस्टरे बाहेर आली. पणजोबांचे नाव, आजोबांचे नाव, आणि त्यापुढचा एकच रकाना: जात.

मी त्याच्या पुष्कळ आधीपासून ही रजिस्टरे पाहत होतो. मी काही प्राध्यापक नाही. नीरा डाव्या कालव्याच्या काठी कोण कुठून येऊन वसले याच्या नोंदी जमवण्याचा मला नाद आहे आणि त्यासाठी शाळेच्या रजिस्टरासारखे साधन नाही. मुलाचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची इयत्ता, अभ्यास, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण असे सगळे एका ओळीत मिळते. जन्मतारीख बऱ्याचदा १ जून असते, कारण गुरुजींनी अंदाजाने तीच लिहिलेली असते. या ओळीत जातीच्या रकान्यापासून थोड्याच अंतरावर आणखी एक रकाना असतो: ‘मागील शाळा’. त्याचा शोध घ्यायला कुणी येत नाही. हा लेख त्या रकान्याविषयी आहे.

प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात हा रकाना बहुतेक कोराच असतो. हायस्कुलाच्या रजिस्टरात मात्र तो भरलेला असतो आणि एकेका पानावर सात-आठ गावे, वाड्या, वस्त्या एकाखाली एक येतात. जी पोरे तोवर आपापल्या वाडीच्या शाळेत, आपल्याच भावकीत बसत होती, ती इथे पहिल्यांदा एका छपराखाली आली. एका पिढीतली सरमिसळ नेमकी कुठे झाली असे कुणी विचारले तर मी या रकान्याकडे बोट दाखवीन.

ही गावे एकसारखी का नव्हती, हे आधी सांगायला हवे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ साली त्यातून पाणी खेळू लागले. पुरंदरातून बारामती आणि पुढे इंदापुरापर्यंत गेलेल्या या पाण्याने तालुक्याचे दोन भाग केले. बोलीत आजही ते ‘बागायती पट्टा’ आणि ‘जिरायती भाग’ असेच आहेत. पाण्यामागे माणसे आली. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याच्या कडेकडेने खाली सरकत गेले. गुजर-मारवाडी व्यापाऱ्यांच्या पेढ्या बारामतीच्या पेठेत होत्याच. १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला. त्याभोवती वालचंदनगर वसले आणि खेड्यापाड्यांच्या मधोमध एक कॉलनी आली, जिथल्या घरांत मराठीखेरीज इतर भाषाही ऐकू येत. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथे सहकारी कारखाने झाले. जिरायती भागातला धनगर समाज मात्र दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन घाटाखाली कोकणाकडे उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा. नेमकी तेव्हाच, दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातून आणि नगरकडून आमच्या फडांत उतरायच्या. एका घरचे पोर शाळा अर्धी टाकून निघाले की दुसऱ्या घरचे पोर अर्ध्या वर्षात इथे येऊन पडायचे. रजिस्टरात पहिल्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा दिसतो. दुसऱ्याचे तर नावच नसते.

अशा मुलखात हायस्कूल म्हणजे पूर्वी तालुक्याच्या गावची गोष्ट होती. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिलीत जायचे, नाहीतर गावातच सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनल द्यायची आणि मास्तरकी किंवा तलाठ्याची नोकरी बघायची, असे दोन रस्ते होते. पहिल्या रस्त्याला फी लागे आणि शहरात राहायला जागा लागे. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून शिक्षणाचा खर्च निघतो आणि फायदा वरच्या वर्गाला मिळतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे मांडली होती. पुढची साठेक वर्षे ती बऱ्याच अंशी खरीच राहिली.

राहण्याचा प्रश्न पहिल्यांदा हाती घेतला तो कोल्हापुरात शाहू महाराजांनी. १९०१ पासून तिथे मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क अशी वसतिगृहे उभी राहिली. ती जातवार होती, आणि त्या काळात तसे केल्याशिवाय एकेका समाजाकडून पैसा आणि मुले मिळणे अवघड होते. भाऊराव पाटील अशाच एका वसतिगृहात राहिले होते. मिस क्लार्कच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. त्या अनुभवातून त्यांनी जो धडा घेतला तो महत्त्वाचा आहे. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली सातारला त्यांनी बोर्डिंग काढले, ते सर्व जातींचे मिळून. मुलांनी एकत्र स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीला जेवायचे. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांनी बहुजन पोराला शहरात पाय ठेवायला जागा दिली. भाऊरावांच्या बोर्डिंगने त्याला शेजारी दिला. माझ्या मते या दोन पायऱ्या आहेत आणि पहिलीशिवाय दुसरी झाली नसती.

१९४८ साली गांधीजींची हत्या झाली. महाराष्ट्रात जातीय तेढ पेटलेली असताना भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. इथून पुढे हायस्कूल खेड्याकडे चालत आले. रयतेच्या जोडीने तालुक्या-तालुक्यांत स्थानिक शिक्षण मंडळे निघाली, कारखान्यांनी शाळा काढल्या. साठच्या दशकात बाराशे रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असणाऱ्या घरांना ‘ईबीसी’ची फीमाफी मिळू लागली. त्यामुळे रजिस्टरातल्या ‘मागील शाळा’ या रकान्यात तोवर न दिसलेल्या वाड्यावस्त्यांची नावे दिसू लागतात.

हायस्कुलाला आमच्याकडे दोन दारे होती. ज्या गावात चौथीपर्यंतच शाळा, तिथले पोर पाचवीला यायचे. जिथे सातवीपर्यंत होती, तिथले आठवीला. पाचवीला आलेली पोरे आठवीला येणाऱ्यांना तीन वर्षे मुरलेली भेटायची. इंग्रजी मुळाक्षरे त्या काळी पाचवीतच सुरू होत, म्हणून पाचवीला निदान सगळे एका रेषेवर असत. आठवीला येणारा मात्र तुकडीत शेवटी बसायचा. पहिला प्रश्न नेहमी एकच: “कुठला रे तू?” उत्तरात गाव सांगितले की पुढचा हिशेब पोरे मनात करत. बागायतीतला की जिरायतीतला, गावठाणातला की वाड्यातला. नाव मागाहून. अनेकांना दहावीपर्यंत गावाच्या नावानेच हाक मारली जाई.

मी १९७९ साली पाचवीला आलो. उजनी धरणाचे पाणी तेव्हा भीमाकाठची गावे गिळत होते. इंदापूर तालुक्यातले पळसदेव, जुने भिगवण अशी गावे उठून वर आली होती. माझ्या बाकावर अशाच एका उठलेल्या गावचा मुलगा बसला. “कुठला?” या प्रश्नाला तो गप्प राहायचा. शेवटी एकदा म्हणाला, “आमचं गाव पाण्यात हाय.” वर्ग हसला. नवीन वसाहतीला अजून तोंडात बसेल असे नाव नव्हते आणि जुने नाव सांगावे तर ते नकाशावरून पुसले जात होते. पुढे कित्येक वर्षांनी त्या वर्षाचे रजिस्टर मी पाहिले, तेव्हा त्याच्या ‘मागील शाळा’ या रकान्यात बुडालेल्या गावाचेच नाव होते. गावाचा तेवढा एक कागद तिथे शाबूत राहिला होता.

मैत्रीचा रकाना रजिस्टरात नसतो. ती शोधायची तर डब्यापाशी शोधावी लागते. पहिल्या सहामाहीत मधल्या सुट्टीत पोरे गावागावाने गोल करून बसत. दिवाळीनंतर गोल मोडायला लागत. मोडायचे कारण फार उदात्त नसे: कुणाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी चांगली, कुणाकडे गूळ असतो, कुणाला गणित येते. तालुक्याला खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे डबे गावाहून एसटीने येत. सकाळच्या गाडीने आई डबा पाठवायची आणि स्टँडवर पोरे वाट बघत थांबायची. गाडी चुकली, डबा आला नाही की खोलीतले बाकीचे आपल्यातली भाकरी मोडून देत. त्या भाकरीला जात विचारायला सवड नसे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बऱ्याच जणांनी, वेगवेगळ्या समाजांतल्या, मैत्रीची सुरुवात अशाच एखाद्या न आलेल्या डब्यापासून सांगितली.

पण शाळेत जे घडे ते घरापर्यंत पोचत नसे, हेही लिहायला पाहिजे. आठवीला बौद्धवस्तीतला एक मुलगा माझा जिवलग झाला. शाळेत आम्ही एका डब्यात जेवत होतो. एकदा तो आमच्या घरी आला. चहा आला तेव्हा माझा कप नेहमीचा होता, त्याचा कोनाड्यातला, कान तुटलेला. त्याने चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला. सांगावे लागले नाही, म्हणजे त्याला ते आधीपासून माहीत होते. मी काही बोललो नाही. तो नंतरही माझ्याशी तसाच वागला, पण घरी पुन्हा आला नाही. हायस्कुलाने आम्हाला एका बाकावर बसवले. कोनाड्यातला कप काढायचे काम माझे होते, ते मी तेव्हा केले नाही. सरमिसळीचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकली तर तो इतिहास खोटा होतो.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. गावात सातवीपर्यंत शाळा असणे मुलांना सोयीचे होते, मुलींना बऱ्याचदा तोच शेवट होता. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर, वाट उसातून. सातवीला एकत्र असलेल्या मैत्रिणींपैकी आठवीच्या पानावर एखादीच सापडते. गावातच आठवीचा वर्ग निघाला किंवा एसटी गावापर्यंत येऊ लागली की त्या वर्षीच्या पानावर मुलींची नावे एकदम वाढलेली दिसतात. घरच्यांचे विचार एका उन्हाळ्यात बदलत नसतात. बदलले होते ते अंतर.

आज काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये धरली आणि आठवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ आणले. ते योग्यच झाले. त्याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या, म्हणजे सरमिसळीची एक नवी वाटही काढली. पण वस्तीवर सकाळी उभे राहून पाहिले तर दुसरेच चित्र दिसते. एका घरापुढे इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते, शेजारच्या घरातले पोर पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, तिसरे सायकलवर हायस्कुलाला. पूर्वी वेगवेगळ्या गावांची पोरे एका शाळेत येत. आता एका वस्तीची पोरे वेगवेगळ्या शाळांत जातात. ‘मागील शाळा’ हा रकाना अजून भरला जातो, पण एका पानावर पूर्वी जो अख्खा मुलूख दिसे तो आता दिसत नाही.

आणि वर जी पोरे एका बाकावर बसून शिकली त्यांचे काय? २०१४ साली धनगर आरक्षणाचे आंदोलन बारामतीत झाले, २०२३ पासून मराठा आणि ओबीसी यांच्यातला ताण गावागावात आला. माझ्या वर्गातले लोक आज या सगळ्या बाजूंना आहेत आणि प्रत्येकाच्या मागणीमागे त्याच्या घरची खरी अडचण आहे. दहावीच्या आमच्या व्हॉट्सॲप गटातून काही जण मध्यंतरी बाहेर पडले. त्यात आमच्या खोलीतला एक होता, ज्याच्या डब्यावर मी कित्येक दिवस काढले.

गेल्या वर्षी एका जुन्या शाळेच्या कार्यालयात मी माझ्या कामाच्या नोंदी घेत बसलो होतो. दोन गृहस्थ आले. दोघेही साठीच्या पुढचे, वेगवेगळ्या समाजांचे, आपापल्या वडिलांच्या नोंदीसाठी. लेखनिकाने रजिस्टर उघडले तर दोन्ही नावे एकाच पानावर, चार ओळींच्या अंतराने निघाली. दोघांनी आपापली जात पाहिली, मोबाइलवर फोटो काढला. मग एकाने दुसऱ्याच्या वडिलांच्या ओळीवर बोट फिरवले आणि ‘मागील शाळा’पाशी थांबून विचारले, “म्हणजे ते पण चालतच यायचे?”

“चालतच,” दुसरा म्हणाला. “दोघं मिळून.”

मग ते दोघे बराच वेळ, जात सोडून, वाटेबद्दल बोलत बसले.