हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग

क्लोरोफॉर्मच्या भुलीची सुरक्षितता तपासण्यासाठी हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये नेमलेले दोन आयोग. सूत्रधार तेथील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आर्थिक साहाय्यामुळे ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने दुसऱ्या आयोगासाठी लॉडर ब्रंटन यांना इंग्लंडहून पाठविले. क्लोरोफॉर्मने हृदयाआधी श्वसन थांबते, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवावे, असा निष्कर्ष प्राण्यांवरील प्रयोगांतून काढण्यात आला. परंतु हलक्या भुलीतही हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ च्या सुमारास दाखविले. आज श्वसन, हृदयगती व रक्तातील ऑक्सिजन यांवर एकाच वेळी नजर ठेवतात.