चवदार तळ्याचे खटले

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या अस्पृश्य माणसांना महाडच्या रस्त्यांवर लाठ्यांनी झोडपलं गेलं. हल्ल्याच्या नऊ सवर्ण आरोपींपैकी पाच जणांना शिक्षा झाली : चार महिने सक्तमजुरी. एवढ्या रक्तपातापुढे ती अपुरीच! तरी जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी हिंदू असते तर एवढाही न्याय मिळाला नसता, असं बाबासाहेब आंबेडकरांचं मत होतं.

तळ्याच्या हक्काचा सवर्णांनी लावलेला दिवाणी दावा मात्र नऊ वर्षांहून अधिक काळ रेंगाळला.

अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफिल्ड यांनी सवर्णांचं अपील फेटाळलं. याच ब्रूमफिल्डनी १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देताना टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचं माप लावलं होतं. महाडच्या दाव्यात त्यांनी पुरावा मागितला. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची वहिवाट सवर्ण वादींना सिद्धच करता आली नाही.