जीवाचा प्रश्न आहे म्हणूनच

वंचित घरांतल्या मुलांनी डॉक्टर व्हावे, याला उघड विरोध सहसा कोणी करत नाही. आक्षेप पुढच्या पायरीवर येतो. शिष्यवृत्ती द्या, मोफत शिकवणी द्या. पण वैद्यकीय प्रवेशात सवलत नको, कारण इथे गाठ रुग्णाच्या जीवाशी आहे, असे सुजाण माणसेही म्हणतात. ही काळजी खोटी नाही. नीट या प्रवेशपरीक्षेच्या पात्रतेसाठी खुल्या वर्गाला ५० पर्सेंटाइल लागते, राखीव वर्गाला ४०, हेही खरे.

पण नीट डॉक्टर ठरवते कुठे? ती रांग लावते. १८० प्रश्न, ७२० गुण, तेही अकरावी-बारावीच्या अभ्यासावर. डॉक्टर ठरतो तो पुढची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिप पार पडल्यावर. महाराष्ट्रात बहुतेक महाविद्यालयांची एमबीबीएसची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते आणि तिथे उत्तीर्णतेची रेषा जात पाहून खाली-वर होत नाही. सवलत प्रवेशाच्या दारातच संपते.

आता सप्टेंबर २०२३ आठवा. पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा नीट-पीजीची पात्रता सर्व वर्गांसाठी थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र! यावर बचाव असा, की ही मुले एमबीबीएस उत्तीर्ण आहेत, शेवटची परीक्षाही त्यांना द्यायचीच आहे. बचाव बिनतोड आहे. मग तोच राखीव जागेवर आलेल्या गडचिरोलीच्या एखाद्या मुलीला का लागू होऊ नये? खासगी महाविद्यालयांतल्या अनिवासी भारतीय कोट्याबद्दल तर गुणवत्तेचे कैवारी बोलतच नाहीत.

तमिळनाडूत तीन दशकांहून अधिक काळ ६९ टक्के आरक्षण आहे. माता आणि बालमृत्यू कमी असलेल्या राज्यांत ते पुढच्या रांगेत आहे. हे आरक्षणामुळेच घडले, असा दावा मी करणार नाही. पण आरक्षणाने आरोग्यसेवा खालावते म्हणणाऱ्यांनी हे राज्य कोणत्या खात्यावर मांडायचे, ते सांगावे.

खरी गळती महाविद्यालयाच्या आत आहे. पहिल्या वर्षाची व्हायवा. हातात मांडीचे हाड. परीक्षक विचारतात, डावे की उजवे? आश्रमशाळेतून आलेली मुलगी हाड अचूक धरते, पण कारण इंग्रजीत सांगताना अडखळते. गुण तिथे जातात, आणि ज्ञान कमी असल्याचा शिक्का बसतो. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी सुखदेव थोरात समितीने केली. २००७च्या अहवालात तिने शिक्षकांचा अपुरा आधार आणि वसतिगृहातला दुजाभाव नोंदवला. हे वागणे रँकच्या यादीत दिसत नाही.

आश्रमशाळेतून आलेल्या या मुलीला दया नको. पहिल्या सहामाहीत इंग्रजीचा जादा तास, वेळेवर जमा होणारी शिष्यवृत्ती आणि हाडे घेऊन शेजारी बसणारा एखादा सीनियर हवा. यातल्या कोणत्या मदतीने कोणता रुग्ण दगावतो, हे आक्षेपकांनी दाखवून द्यावे.