आर्ग्युमेंटची कुळकथा

वेबफॉर्मची स्क्रिप्ट लिहू लागलेली मुलं फंक्शनला आर्ग्युमेंट देताना चुकली की त्यांना धांदरट ठरवलं जातं. हा अन्याय आहे. यातल्या बहुतेक चुका वारशाने आलेल्या आहेत. पेण तालुक्यातल्या गडबच्या एखाद्या शेतकऱ्याची दोन भातखाचरं आहेत असं धरा, एक १० आर, दुसरं ५ आर. हे आकडे रकान्यांत भरून बेरजेच्या फंक्शनला तसेच दिले, तर उत्तर १५ न येता १०५ येतं, म्हणजे हेक्टरहून जास्त! १९९५ साली प्रमाण झालेल्या एचटीएमएल २.० मधला फॉर्म कागदी अर्जासारखाच आहे. रकान्यात काहीही भरा, हाती मजकूरच येतो. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घडवली आणि तिच्यात अधिक चिन्हाला दोन कामं मिळाली: दोन्हीकडे संख्या असल्या तर बेरीज, एकीकडे जरी मजकूर असला तरी जोडणी. म्हणून रकान्यातली किंमत फंक्शनला देण्याआधीच संख्येत बदलून घ्यावी.

क्रमाची चूक याहून जुन्या घराण्यातली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) त्रैराशिकाच्या तीन राशी ठरलेल्या जागी मांडतात: प्रमाण, फल, इच्छा. पहिली आणि शेवटची एका जातीची, मधली वेगळी. इच्छेने फलाला गुणायचं, प्रमाणाने भागायचं. जागा चुकली की रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. फंक्शनही जागेवरूनच अर्थ लावतं. ‘हेक्टर, आर’ अशा क्रमाच्या फंक्शनला ०, १० ऐवजी १०, ० दिलं, तर १० आरांची जमीन १००० आरांची होते. एखादं आर्ग्युमेंट द्यायचं राहिलं तरी जावास्क्रिप्ट अडवत नाही, ती जागा ‘अनडिफाइन्ड’ धरून पुढे जाते.

कोणी म्हणेल, २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आली, रकान्यालाही आता ‘नंबर’ प्रकार देता येतो, मग हा इतिहास कशाला? पण ‘नंबर’ रकान्याची ‘व्हॅल्यू’ आजही मजकूरच असते. टाइपस्क्रिप्ट मजकूर आणि संख्या यांतला घोळ पकडते, पण हेक्टर आणि आर दोन्ही संख्याच असल्याने त्यांची अदलाबदल तिला दिसत नाही. तिथे दोन्ही किमती नावानिशी एका ऑब्जेक्टमध्ये द्याव्यात, म्हणजे अर्थ जागेवर अवलंबून राहत नाही. शिकवताना नियमासोबत त्याचं कारणही सांगितलं, तर विद्यार्थी पुढची चूक स्वतःच शोधून काढतो.